पंगतीपासून पसंतीपर्यंत

मुलाला कारखान्यात नोकरी लागली, मुलीचे लग्न ठरले, वडिलांना पंचाहत्तरावे वर्ष लागले, की हल्ली घरात एक प्रश्न हमखास निघतो : जेवायला जायचे कोठे? सुप्यात हा प्रश्न तसा नवाच आहे. दोन पिढ्यांपूर्वी अशा प्रसंगी बोलवायचे कोणाला एवढेच ठरवावे लागे. जेवण घरी व्हायचे, माणसे फार असली तर खळ्यात किंवा देवळापुढच्या पटांगणात व्हायचे. आता मात्र घरातली धाकटी मंडळी हातातल्या दूरध्वनीवर पुण्यामुंबईच्या उपाहारगृहांची नावे काढून दाखवितात. अमक्याला तमका पुरस्कार मिळाला आहे, अमक्याच्या नावापुढे इतके तारे आहेत, असे सांगतात. आणि थोरली मंडळी दोनच गोष्टी विचारतात : खर्च किती येईल, आणि तिथे आपल्याला जमेल का? यांतला दुसरा प्रश्न आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. आजचे सारे विवेचन त्याच्याभोवती आहे.

प्रथम आमच्या गावाविषयी दोन शब्द. शहाजीराजांच्या जहागिरीतले, १६५६ साली शिवाजी महाराजांनी संभाजी मोहित्यांकडून ताब्यात घेतलेले सुपे ते बारामतीकडचे. नावाच्या सारखेपणामुळे पुष्कळ जण तो मान आपल्याकडे ओढून आणतात, म्हणून हे सांगितले. पारनेर तालुक्यातल्या आमच्या सुप्याच्या वाट्याला किल्ला आला नाही, रस्ता आला. पुणे-नगर हमरस्त्यावरचे हे गाव. येथून नगर तासाभराच्या आत, पुणे दोन-अडीच तासांवर. पलीकडच्या डोंगरावर पवनचक्क्या आल्या, मग औद्योगिक वसाहत वाढली, तीत जपानी उद्योगांसाठी स्वतंत्र विभाग राखला गेला, आणि ज्या गावात परगावचा माणूस म्हणजे एस.टी. चुकलेला प्रवासी असे समीकरण होते, तेथे परदेशचे पाहुणे येऊ लागले. त्यांना जेवायला कोठे न्यायचे, हाही प्रश्न आलाच.

विकतचे शिजवलेले अन्न आपल्याकडे नवे नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात शिजवलेला भात विकणारे आणि शिजवलेले मांस विकणारे यांचा उल्लेख आहे, आणि त्यांनी आपल्याकडे ओळखीच्या माणसालाच उतरू द्यावे असा दंडकही आहे. म्हणजे खाणावळवाल्याकडे उतारूची चौकशी ही पद्धत पोलिसांनी काढलेली नव्हे! उंची जेवणाचे शास्त्रही आपल्याकडे जुने आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ रचविला. त्यात राजाच्या भोगांमध्ये अन्नभोगाला स्वतंत्र स्थान आहे. मांड्यांचे वर्णन आहे, वड्यांचे आहे, मांस कसे सिद्ध करावे तेही आहे. परंतु या दोन ग्रंथांत एक मोठी दरी आहे. विकतचे अन्न वाटसरूचे आणि उत्तम अन्न राजवाड्यातले. उत्तम अन्न विकत घ्यावे आणि ते घराबाहेर बसून खावे, ही कल्पना या दोहोंत कोठेच नाही. ती यायला पुढे सात-आठ शतके लागली, आणि आली तीही सरळ वाटेने आली नाही.

याचे कारण उघड आहे. आपल्या समाजात जेवण ही चवीची बाब होण्याआधी पंक्तीची बाब होती. अन्न कसे आहे हा प्रश्न मागाहूनचा. ते कोणी रांधले, कोणी वाढले आणि शेजारच्या पाटावर कोण बसले आहे, हे प्रश्न आधीचे. गावच्या सप्ताहाच्या काल्याला किंवा यात्रेतल्या आमटी-भाकरीला सारा गाव जेवे हे खरे, पण तेथेही कोण कोठे बसावे हे ठरलेले असे, आणि काहींना शेवटी, लांबवर, वरून टाकलेले मिळे. ज्यांचे आजोबा तसे बसले त्यांना हे आम्ही सांगावयास नको. ज्यांचे आजोबा पहिल्या पंगतीला बसले त्यांनी ते ध्यानात ठेवावे.

इंग्रजी अमदानीत शाळा-कॉलेजे, कचेऱ्या आणि गिरण्या निघाल्या, आणि घर सोडून राहणारा पुरुष हा एक नवा प्राणी जन्माला आला. गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवत : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ज्याला महिन्याचे पैसे देणे शक्य होते तो खाणावळीत जाई. खाणावळ हे आपल्याकडचे पहिले खरे सार्वजनिक जेवणघर. परंतु ते 'सार्वजनिक' म्हणताना जीभ थोडी अडखळते, कारण खाणावळीची पाटी पदार्थ सांगत नसे, भाव सांगत नसे. जात सांगत असे. विद्यार्थ्याला निवड करावयाची ती आपल्या जातीच्या दोन-तीन खाणावळींमध्ये. मुंबईचे सरदारगृह, जेथे १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांनी देह ठेवला, ते अशाच उतारू मंडळींच्या राहण्या-जेवण्याची सोय करणारे ठिकाण. मोठी माणसे तेथे उतरत, कारण मुंबईत गेल्यावर आपल्या चालीरीतीप्रमाणे दोन घास कोठे मिळतील, ही चिंता मोठ्या माणसांनाही होतीच.

ही चिंता किती खोल होती हे पाहावयाचे असेल तर १८९० सालचे पुण्याचे पंचहौद मिशनचे प्रकरण पाहावे. मिशनच्या जागेत शहरातली सुशिक्षित मंडळी जमली. तेथे चहा आला. काहींनी घेतला, काहींनी मानापुरता हात लावला. नंतर नावे वर्तमानपत्रात आली आणि पुण्यात वादळ उठले. ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. हेच रानडे १८७५ साली पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेचे प्रवर्तक. आज आपण जी वासंतिक व्याख्याने ऐकतो ती परंपरा ज्यांच्यापासून चालत आली, त्यांना एका चहाच्या पेल्यासाठी शुद्ध व्हावे लागले. चहा चांगला होता की वाईट, याची नोंद कोणी केली नाही. तो प्रश्नच नव्हता.

बंध सैल झाले ते व्याख्यानांनी थोडे आणि आगगाडीने पुष्कळ. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली झाला आणि नगरला स्टेशन मिळाले. डब्यात कोणाच्या शेजारी बसावे हे तिकीट ठरवू लागले. तरीही हिंदुस्थानातल्या स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे मिळत राहिले. शहरात इराण्यांची दुकाने निघाली. मुंबईत कयानी १९०४ साली, ब्रिटानिया १९२३ साली, पुण्यात गुडलक १९३५ साली. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, पाव-मस्का आणि चहा. इराण्याला आपल्या जातींचा हिशेब नव्हता आणि ठेवायचाही नव्हता. गल्ल्यावर बसून तो फक्त पैसे मोजी. मराठी तरुणाने घरच्यांची नजर चुकवून पहिल्यांदा ज्या परक्या हातचे खाल्ले, तो हात पुष्कळ वेळा इराण्याचा होता. आमच्या मते, पंक्तिभेद मोडण्यात या माणसांचा वाटा मोठा आहे.

मराठी माणूसही या धंद्यात मागे नव्हता. मामा काण्यांचे दादरचे उपाहारगृह १९१० सालचे. त्याच्या नावात 'स्वच्छ' हा शब्द आला, आणि तो आम्हांला फार बोलका वाटतो; गिऱ्हाइकाला आता सोवळ्याबरोबर स्वच्छताही हवी होती. पुण्यात मूकपटांचे दिग्दर्शक सरपोतदार यांनी १९३५ साली पूना गेस्ट हाऊस काढले आणि नाटक-सिनेमाच्या मंडळींना हक्काचा अड्डा मिळाला. माटुंग्याला १९४२ साली रामा नायकांनी उडुपी पद्धतीचे जेवण केळीच्या पानावर वाढावयास सुरुवात केली, आणि दाक्षिणात्य कारकुनांसाठी निघालेल्या या घरी पुढे सारी मुंबई जेवू लागली.

पण या सगळ्यांत आम्ही पहिला मान देऊ तो कोल्हापूरच्या एका लहानशा चहाच्या दुकानाला. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरचे, अस्पृश्य समाजातले नोकर. पाण्याला शिवल्याच्या निमित्ताने त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा करण्यास पाठबळ दिले. त्यांनी 'सत्यसुधारक' नावाचे चहाचे हॉटेल काढले. गिऱ्हाईक येईना, पेला कितीही लखलखीत असला तरी तो कोणाच्या हातचा आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होते. तेव्हा महाराज फिरावयास निघाले की आपली गाडी त्या दुकानापुढे उभी करू लागले, गंगारामांच्या हातचा चहा स्वतः घेऊ लागले, बरोबरच्या मानकऱ्यांना पाजू लागले. ज्यांना सहीसाठी महाराजांची गाठ हवी असे, त्यांनाही तेथेच यावे लागे. शाहू महाराजांचे निधन १९२२ सालचे. त्याआधीच्या काही वर्षांतली ही हकीगत. उपाहारगृहाला मिळालेला यापेक्षा मोठा पुरस्कार आमच्या वाचनात नाही. न्यूयॉर्क-लंडनचे परीक्षक पदार्थाला गुण देतात. महाराजांनी वाढणाऱ्या हाताला दिले.

आपल्या नगर जिल्ह्यातही अशी एक घटना आहे, आणि ती राजाची नाही, एका बाईची आहे. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही काळ वेगळी चूल मांडून, सोवळे सांभाळून राहिल्या. पुढे राहुरीच्या मुक्कामात त्यांनी स्वतःशीच विचार करून जातिभेद मनातून काढून टाकला आणि कोणाच्याही हातचे खाण्यास त्या सिद्ध झाल्या. 'स्मृतिचित्रे'मध्ये हे त्यांनी ज्या साधेपणाने सांगितले आहे तो ज्याने त्याने वाचूनच अनुभवावा.

स्त्रियांचा विषय निघालाच आहे तर तो येथेच पुरा करू. हॉटेलात जाणारी बाई ही फार दिवस टीकेचा विषय होती. म्हणून हॉटेलवाल्यांनी 'फॅमिली रूम' काढली : लाकडी आडोसा, हलणारे दार किंवा पडदा, आत एक टेबल. नवरा-बायको आत जात, पडदा पडे, आणि पोऱ्या बाहेरून हाक मारून आत येई. आज तो पडदा हास्यास्पद वाटतो, पण अनेक घरांतल्या स्त्रियांनी दुसऱ्याने केलेले, दुसऱ्याने वाढलेले, गरम अन्न आयुष्यात पहिल्यांदा खाल्ले ते त्या पडद्याआड. जिने जन्मभर सर्वांच्या मागून, निवलेले खाल्ले तिला त्या मसाला डोशाचे मोल काय वाटले असेल! प्रसंगासाठी हॉटेल निवडताना घरातल्या स्वयंपाक करणारीला आधी विचारावे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

१९५० साली राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे. घटनेच्या इतक्या उंचीवरच्या कलमात हॉटेलाचा उल्लेख कशाला, असे एखाद्याला वाटेल. आतापर्यंतची हकीगत ज्याने ऐकली त्याला वाटणार नाही. १९५५ साली अस्पृश्यता गुन्ह्याचा कायदा झाला, आणि पाट्यांवरची जातींची नावे हळूहळू पुसली गेली. त्यानंतरच 'कोठे जेवावे' हा प्रश्न खऱ्या अर्थाने सर्वांचा झाला. म्हणजे आपली पसंती जेमतेम पाऊणशे वर्षांची आहे.

आणि या पाऊणशे वर्षांतही सारी वर्षे पसंतीची नव्हती. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला अशी माणसे आपल्या तालुक्यात अजून आहेत. तेव्हा खडी फोडून आल्यावर सुकडी मिळे, रेशनवर परदेशची लाल मिलो ज्वारी मिळे, आणि तिची भाकरी कशी लागते हे विचारण्याची कोणाची छाती नव्हती. पारनेरच्या माणसाला आजही ताटात अन्न टाकलेले पाहवत नाही, त्याचे मूळ तेथे आहे. याच्या उलट टोकाचा एक मासला नगरनेच पाहिला. १९४२ साली काँग्रेसचे नेते नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध झाले. त्यांत मौलाना आझाद होते. त्यांनी तेथे लिहिलेल्या पत्रांच्या 'गुबार-ए-खातिर' या संग्रहात चिनी चहाची, त्याच्या रंगगंधाची, आणि त्यात दूध घालणाऱ्यांच्या अरसिकपणाची चर्चा मोठ्या चवीने केलेली आहे. चहाचा एवढा चोखंदळ पारखी नगरला लाभला तो तुरुंगात! रसिकतेला पंचतारांकित छप्पर लागतेच असे नाही.

आता पुरस्कारांकडे वळू. अन्नाला गुण देण्याची पद्धत फ्रान्समधली. तेथे 'रेस्तराँ' हा शब्द मुळात शक्ती आणणाऱ्या कढणाला होता. अठराव्या शतकात ते कढण मिळण्याच्या जागेला तो लागला. १८०३ साली ग्रिमो द ला रेनिएर या गृहस्थाने खवय्यांसाठी एक वार्षिक काढले आणि पदार्थ चाखून निवाडा देणारे पंचमंडळ बसविले. पण खरी गंमत पुढे आहे. १९०० साली मिशेलिन बंधूंनी, म्हणजे मोटारीची रबरी चाके करणाऱ्या कारखानदारांनी, मोटारवाल्यांसाठी एक पुस्तिका छापून फुकट वाटली. चाक कसे बदलावे, दुरुस्ती कोठे होते, मुक्काम कोठे करावा, अशी माहिती तीत होती. लोकांनी जास्त फिरावे, चाके जास्त झिजावीत, हा साधा व्यापारी हिशेब. १९२६ साली चांगल्या जेवणाच्या ठिकाणांना तारा देण्यास सुरुवात झाली, १९३१ साली दोन आणि तीन तारे आले, आणि १९३६ साली त्यांचा अर्थ छापला गेला : एक तारा म्हणजे आपल्या वर्गात उत्तम, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावे असे, तीन म्हणजे त्यासाठीच प्रवास करावा असे. जगातला सर्वांत मानाचा भोजन-पुरस्कार रस्त्यातून जन्मला आहे. रस्त्यावरच्या आमच्या सुप्याला तो परका वाटायचे कारण नाही.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्याकडे 'पंचतारांकित' म्हणतात ते तारे हॉटेलाला असतात. खोल्या, सोयी, व्यवस्था यांवरून ते मिळतात. मिशेलिनचे तारे तीनच, आणि ते केवळ ताटातल्या अन्नाला. परीक्षक नाव न सांगता येतात, आपले बिल स्वतः भरतात, आणि कच्चा माल, कौशल्य, चवींचा मेळ, आचाऱ्याचे स्वतःचे वळण आणि दर खेपेचा सारखेपणा एवढेच पाहतात. खुर्ची मऊ आहे की नाही हे त्यात येत नाही. म्हणूनच २०१६ साली सिंगापुरात फेरीवाल्यांच्या बाजारातल्या नूडल्स आणि कोंबडी-भाताच्या गाळ्यांनाही तारा मिळू शकला. शिवाय १९९७ पासून, बेताच्या दरात चांगले जेवण देणाऱ्या ठिकाणांसाठी 'बिब गुर्मां' नावाची वेगळी खूण आहे. खिसा पाहून चालणाऱ्याने ताऱ्यांआधी ती पाहावी. परदेशी गेलेल्या मुलांकडे जाणाऱ्या आईबापांना ही माहिती उपयोगी पडेल.

या मानकऱ्यांत आपली माणसेही आहेत. मुंबईत जन्मलेले विनीत भाटिया आणि त्यांच्याबरोबर अतुल कोचर यांना लंडनमध्ये २००१ साली तारा मिळाला. भारतीय आचाऱ्यांना मिळालेले ते पहिले तारे. मुंबईत वाढलेल्या गरिमा अरोरा यांना बँकॉकमधल्या त्यांच्या उपाहारगृहासाठी २०१८ साली तो मिळाला. असा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. आणि दादरच्या 'आस्वाद'ची मिसळ २०१५ साली लंडनच्या एका पुरस्कारात जगातला सर्वांत रुचकर शाकाहारी पदार्थ ठरली. मटकीला लंडनचे प्रशस्तिपत्र कशाला हवे, असे कोणी म्हणेल. आम्हांला त्यात एवढेच दिसते की पुरस्कार मिळूनही तेथे मिसळच मिळते, आणि साध्या पगाराचा माणूस ती खाऊ शकतो.

उंची जेवणाचे आजचे रूप पाहावयाचे तर मुंबईत महालक्ष्मीला लक्ष्मी वूलन मिलच्या आवारात २०१६ साली निघालेले 'मास्क' घ्यावे. २०२३ साली आशियातल्या पन्नास उत्तम उपाहारगृहांच्या यादीत ते सोळावे होते, आणि भारतातले पहिले. तेथे पदार्थांची यादी पाहून मागवायचे नसते. आचारी ठरवील ते लहान लहान घास एकामागून एक येतात, प्रत्येकाची हकीगत सांगितली जाते, आणि जेवण दोन-तीन तास चालते. जागा आधी राखून ठेवावी लागते आणि माणशी खर्च हजारांत जातो. हे वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. सोमेश्वर राजाचा अन्नभोग आता पैसे देणाऱ्या कोणासही मिळू शकतो, ही प्रगतीच आहे. पण गिरणीचे आवार म्हटले की आम्हांला गिरणगावातल्या दुसऱ्याच बाया आठवतात. आमच्या नगर-सातारा-कोकणातून गेलेल्या कामगारांना महिनेवारीवर डबा आणि जेवण घालणाऱ्या, दहा बाय दहाच्या खोलीत पन्नास भाकरी थापणाऱ्या त्या खाणावळवाल्या बाया. सावकाराच्या व्याजाखाली त्या पिचल्या होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्या खोल्यांना कोणी तारे दिले नाहीत. मुंबई उभी राहिली ती त्यांच्या भाकरीवर.

तर मग निवड कशी करावी? प्रसंग आधी पाहावा. वडिलांची पंचाहत्तरी असेल तर वडिलांचे गुडघे पाहावेत, जिना पाहावा, आणि त्यांच्या दातांना मानवेल असे काही तेथे मिळते का ते पाहावे. बारा प्रकारच्या घासांची हकीगत ऐकायला त्यांना बसवू नये. मुलाच्या पहिल्या पगाराचे जेवण असेल तर पसंती मुलाची असावी, कारण बापाला हॉटेलात नेण्याची हौस त्याच्या मनात पुष्कळ दिवस असते. बापाने तेथे बसून भावाची टीका करू नये. सोयरीक जुळविताना फार उंची जागा निवडणे आम्हांला धोक्याचे वाटते. दोन्ही घरांपैकी एक घर तेथे अवघडून बसते, आणि बोलायचे ते राहून जाते. परदेशच्या पाहुण्याला, त्याने देशात खाल्ले असेल तसेच येथे खाऊ घालण्यात अर्थ नाही. त्याला ज्वारीची भाकरी, पिठले, मासवडी द्यावी, तिखट हात आखडून; आणि शक्य तर आपल्या घरी द्यावी. उंची जेवणाला जावेच, ते नवरा-बायकोने लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, वर्षभर थोडे थोडे बाजूला टाकून, दोघांनीच.

खर्चाचा अंदाज घेताना यादीवरचा भाव हा शेवटचा भाव नव्हे हे ध्यानात ठेवावे. साध्या उपाहारगृहात वर ५ टक्के कर लागतो. ज्या हॉटेलातल्या खोलीचे दिवसाचे भाडे साडेसात हजारांच्या वर, तेथे १८ टक्के. 'सेवा शुल्क' नावाची रक्कम मात्र कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ती आपोआप बिलात लावण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो निर्णय उचलून धरला. वाढणाऱ्या पोऱ्याला खुशीने काही द्यावे, ते त्याच्या हातात द्यावे. आणि बाहेर पडण्याची वाट कोठे आहे हे बसण्याआधी पाहून घ्यावे. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईच्या कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना रात्री आग लागली आणि चौदा माणसे गेली. तेथेही कोणी वाढदिवसासाठीच आले होते.

ज्याच्याजवळ काहीच नाही त्याचा विचार या विषयात येत नाही असे समजू नये. राज्य सरकारने १९९५ साली एका रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना काढली, आणि २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी : दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात. तहसील कचेरीत दिवसभर खेटे घालणाऱ्या माणसाला त्या थाळीपुढे बसताना आपली निवड झाली असे वाटले असेल की दया, हे वाढणाऱ्याच्या वागण्यावर अवलंबून होते.

आता पुन्हा त्या थोरल्या मंडळींच्या प्रश्नाकडे येऊ : तिथे आपल्याला जमेल का? हा प्रश्न भित्रेपणाचा नाही. पाटीवरून जात गेली, पण दाराशी अडविण्याच्या दुसऱ्या रीती आल्या. यादीवर भाव नसणे, पदार्थांची नावे कोणालाच न कळणारी असणे, मराठीत विचारले तर उत्तर इंग्रजीत येणे, काटा-चमचा न वापरणाऱ्याकडे शेजारच्या टेबलावरून पाहिले जाणे. यांतल्या कशालाही घटनेचे कलम लागू होत नाही. म्हणून निघण्यापूर्वी दूरध्वनी करावा. माणशी साधारण किती पडेल, वृद्ध माणसांना जिना चढावा लागेल का, हाताने जेवले तर चालेल का, आणि यादी मराठीत समजावून सांगणारे कोणी आहे का, एवढे विचारावे. पलीकडचा माणूस हे नीट ऐकून घेतो की घाईने फोन ठेवतो यावरून पुष्कळ कळते. आमच्या ओळखीच्या एका घरात हे काम आजीकडे दिलेले आहे. तिचे चार प्रश्न झाल्याशिवाय गाडी सुप्याच्या चौकातून हलत नाही.